मागच्या बोळातली भिंत

पाण्याचे मीटर वाचत हिंडण्यात त्याची निम्मी हयात गेली. गावातली गल्ली न् गल्ली पायाखालची; कुठलं कुत्रं अंगावर येतं आणि कुठली सासू दार उघडत नाही, सगळं तोंडपाठ. एकदा दातांच्या डॉक्टरांकडे मीटर बघायला गेला, भिंतीवर लावलेल्या, त्यांनीच काढलेल्या फोटोंपुढे रेंगाळला, दोन शब्द बोलला आणि डॉक्टर खूश झाले. तेव्हापासून दर पानगळीत डॉक्टर, त्यांच्या ओळखीच्या एक वकीलबाई आणि तो, असे तिघं रविवारी सकाळी गळ्यात कॅमेरे अडकवून गावभर फोटो काढत फिरायचे. वकीलबाई त्याला 'मीटरराव' म्हणायच्या. त्यालाही ते गोड लागायचं.

घरी मात्र त्याने त्या दोघांना कधी आणलं नाही. कुठे राहता विचारलं की 'जरा वरच्या अंगाला' म्हणून विषय बदलायचा. बायको म्हणायची, "बोलवा की एकदा चहाला. मी काय चावते का त्यांना?"

"बघू," तो म्हणायचा.

एका रविवारी डॉक्टर पिवळ्या पानांचा सडा बघून भलत्याच बोळात शिरले. "तिकडे काही नाही हो," असं तो मागून म्हणेपर्यंत उशीर झाला होता. समोर त्याच्याच घराची मागची भिंत. पोपडे सुटलेले, ओलीचे काळे-हिरवे ओघळ, मोरीचा पाइप चिंधीने बांधलेला.

"काय भिंत आहे," डॉक्टर हरखून म्हणाले.

"इथे माणसं राहतात, कमाल आहे," वकीलबाई म्हणाल्या.

वर गॅलरीत त्याची बायको कपडे वाळत घालत होती. अंगात विटका गाऊन, केस कसेतरी वर बांधलेले. डॉक्टरांनी हाक दिली, "बाई, जरा अशाच थांबता का?"

तिने खाली पाहिलं. नवरा दिसला तशी ती हसली, काही बोलणार, तेवढ्यात तो वाकून बुटाची नाडी बांधायला लागला. नाडी सुटलेली नव्हती. तिचं हसू ओसरलं. ती थांबली, अगदी सांगितल्यासारखी. हातात त्याचाच शर्ट होता.

रात्री तिने ताट वाढलं. "बरा आला का फोटो?"

"अगं, तेव्हा मी..."

"मी काही म्हटलंय का? जेवा."

महिन्याभराने वाचनालयाच्या हॉलमध्ये डॉक्टरांच्या फोटोंचं प्रदर्शन लागलं. दाराशीच ती भिंत आणि ती, हातभर मोठी. त्याने घरी चकार शब्द काढला नव्हता, पण शेजारणीने सांगायचं ते सांगितलं. बायको ठेवणीतले कपडे घालून आली आणि नवरा शेजारीच असताना थेट डॉक्टरांसमोर उभी राहिली.

"ही फोटोतली मी. यांची बायको. मागून घर बघितलंतच तुम्ही, आता पुढून बघा. चहाला या."

मीटररावाला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

दोघं आले, नाही म्हणायला जागाच नव्हती. खाटेच्या कडेला बसले, नजर कपातून वर नाही. चहाचं कौतुक तीनतीनदा झालं. "हवेशीर आहे हो घर," वकीलबाई म्हणाल्या.

"तावदान फुटलंय," बायको म्हणाली. कुणी हसलं नाही.

डॉक्टर घसा खाकरून म्हणाले, "वहिनी, तो फोटो उतरवायला सांगतो."

"राहू दे की. चांगला आलाय."

ते गेले तेव्हा त्याला वाटलं, चला, आता झाकायचं काही उरलं नाही. डोक्यावरचं ओझं उतरलं. पण रस्त्यात भेटले की दोघं त्याच्याशी फार अदबीने बोलायला लागले. 'मीटरराव' गेलं, 'आपण' आलं. पुढची पानगळ आली तेव्हा त्याने कॅमेरा पुसून ठेवला. फोन काही आला नाही.

एका रविवारी बोळाच्या तोंडाशी ओळखीचे आवाज आले. तो गॅलरीत धावला. "इकडून नको," वकीलबाई हळूच म्हणाल्या, आणि वाळक्या पानांवरची पावलं बाजाराकडे वळली.

बायको शेजारी धुणं घेऊन उभी होती.

"तू त्या दिवशी प्रदर्शनात आली नसतीस," तो म्हणाला, "तर आज मी त्यांच्यात असतो."

"असता की. खाली उभे, नाडी बांधत."

तिने ओल्या चादरीचं एक टोक त्याच्या हातात दिलं. "धरा." दोघं उलट्या बाजूंनी पिळायला लागली. पाणी निथळायचं थांबलं तरी तिचा पीळ सैल झाला नाही.