माठांच्या जागी पुतळा
परवा बनशंकरीच्या बाजारात नवा माठ गळतो का ते बघायला दुकानदारानं त्यात पाणी ओतलं, आणि त्या ओल्या मातीच्या वासानं मला आमच्या जुन्या शाळेची ओसरी आठवली. फाटकाजवळच्या त्या ओसरीत चार माठ असत. शाळा काढणारे गुरुजी रोज सकाळी तिथं उभे राहायचे आणि पोर कुठल्याही जातीचं असो, एकाच ओगराळ्यानं त्याच्या ओंजळीत पाणी ओतायचे, असं माझे वडील सांगत. त्यांचा वारसा जपायला आम्ही माजी विद्यार्थ्यांनी प्रतिष्ठान काढलं आणि पुतळा उभारायचं ठरवलं. रस्त्यावरून दिसेल अशी जागा एकच होती, ती ओसरीची. ती पाडायच्या दिवशी माठ भरणाऱ्या अक्कांनी मला विचारलं, "अण्णा, मग पोरं पाणी कुठं पितील?" आमचे अध्यक्ष गाडीत बसता बसता म्हणाले, "प्युरिफायर बसवू ना, नेक्स्ट फेजमध्ये." अक्कांना ते काही कळलं नाही, म्हणून मीच समजूत घातली, "अक्का, स्वल्प दिवस सांभाळून घ्या." अनावरणाला भाषण माझंच होतं. गुरुजी पोरांना पाणी कसं द्यायचे ते मी इतकं रंगवून सांगितलं, की पहिल्या रांगेतल्यांनी डोळे पुसले. अक्का मागं भिंतीशी उभ्या राहून ऐकत होत्या. प्युरिफायर अजून आलेला नाही. दरवर्षी जयंतीला मी पुतळ्याला हार घालायला जातो, आणि पाण्याची बाटली घरून घेऊन जातो.