दोन बोटं

छापखान्यात त्यांना दुर्बीणबाई म्हणत, आणि ते त्यांना माहीत होतं. औषधाच्या खोक्यात घडी घालून ठेवतात त्या बारीक अक्षरांच्या माहितीपत्रकांची प्रुफं त्या एकवीस वर्षं तपासत होत्या. त्यातली बरीचशी यजमानांसोबत. त्यांना सगळे काका म्हणत. काका मोठ्यानं वाचायचे आणि बाई मूळ प्रतीवर पेन्सिल फिरवायच्या. "बायको माझं लक्ष देऊन ऐकते ती फक्त प्रुफाच्या वेळी," असं काका चारचौघांत सांगत.

मग अर्धांगाचा झटका आला. काकांची वाचा गेली, उजवा हात गेला. डोकं मात्र लख्ख राहिलं. डाव्या हाताच्या एका बोटानं ते घरातल्या कॉम्प्युटरवर टाइप करू लागले. खिडकी लाव. चहात साखर कुठंय? तू जेवलीस का? त्या घरातलं निम्मं बोलणं आता पडद्यावर उमटायचं.

गेल्या वर्षी छापखान्यानं कागदी प्रुफं बंद केली. "यापुढं सगळं कॉम्प्युटरवर. घरून करा, पण करा," मालक म्हणाले आणि त्यांनी एक जुना कॉम्प्युटर पाठवून दिला, आतून रिकामा. घरच्या कॉम्प्युटरबरोबर आलेली, तो चालवणाऱ्या प्रणालीची सीडीच यातही घालू, असं दुरुस्तीवाल्यानं सुचवलं.

"पण परवाना एकाच यंत्राचा आहे ना?" सीडीच्या पाकिटावरची अक्षरं वाचून बाईंनी विचारलं.

"काकू, ती अक्षरं वाचणाऱ्या तुम्ही जगात पहिल्या. एका किल्लीनं दोन कुलपं उघडतायत, तर उघडू द्या की."

कुलूप सहजासहजी उघडलं नाही. फोन करून आकडे सांगा, असं पडद्यावर आलं. सहा-सहा आकड्यांचे नऊ गट. बाई फोनवर वाचू लागल्या, शेजारी बसलेले काका प्रत्येक गटाला मान हलवू लागले. कितीतरी दिवसांनी दोघं एकत्र कामाला बसले होते, फक्त बाजू बदलल्या होत्या. शेवटी फोनमधल्या आवाजानं विचारलं, ही प्रत किती कॉम्प्युटरवर आहे?

काकांनी डाव्या हाताची दोन बोटं वर केली.

बाईंनी त्यांच्याकडं पाहिलं, मग भिंतीकडं. "एक," त्या म्हणाल्या.

नवीन यंत्र चालू लागलं. बाराव्या दिवशी काकांच्या पडद्यावरचं मागचं चित्र जाऊन तिथं काळा रंग आला आणि कोपऱ्यात ओळ आली, ही प्रत अस्सल नाही. घालवली तरी तासाभरानं पुन्हा येई. दुपारी बाई दूध घेऊन आल्या तेव्हा काकांनी लाल स्केचपेननं काचेवरच, त्या ओळीसमोर, प्रुफातली 'वगळा' ही खूण काढली होती. वाकडीतिकडी. खाली टाइप केलं होतं, "मी दोन दाखवली होती."

"दिसली होती," बाई म्हणाल्या.

त्यांनी पुन्हा फोन केला, या वेळी माणसाशी बोलल्या आणि खरं ते सांगितलं. तो सभ्यपणे म्हणाला, एक परवाना, एक यंत्र. दुसऱ्यावरून काढा, नाहीतर नवा घ्या. नवा इतक्यात जमण्यासारखा नव्हता. छापखान्याच्या यंत्रावर जुनी चादर पडली. नऊ ते एक घरच्या यंत्रावर बाईंचं काम, एकनंतर ते काकांचं. ठरवलं काकांनीच. "चार तास गप्प बसेन. लग्न झाल्यापासून सवय आहे." बाई हसल्या, आणि मग उगाचच स्वयंपाकघरात गेल्या.

त्या मंगळवारी लहान मुलांच्या तापाच्या औषधाचं पत्रक होतं. साडेअकराला पाठवायचं. बाई पडद्यावरून मोठ्यानं वाचत होत्या, काका मांडीवर मूळ प्रत घेऊन ऐकत होते. मध्येच त्यांचा हात वर झाला. डोळ्याच्या कोपऱ्यातून बाईंना दोन बोटं दिसली.

"दोन मिनिटं हो, देते पाणी," म्हणत त्या पुढं वाचत राहिल्या. काकांनी खुर्चीच्या हातावर थाप मारली. बाईंनी उठून पाणी आणलं. काकांनी तोंड फिरवलं, घशातून नुसता आवाज काढला.

"आता रुसू नका. एवढं संपू दे."

पत्रक गेलं. त्यामागचं दुसरं कामही संपलं. एक वाजता बाईंनी काकांची खुर्ची कॉम्प्युटरपुढं सरकवली. बोट एकेक अक्षर शोधत गेलं. "मूळ प्रतीत दिवसातून दोनदा. तू 'चारदा' वाचलंस."

बाईंनी पाठवलेलं पत्रक उघडलं, त्यात 'चारदा'च होतं. त्यांनी फोन लावला. "सकाळचं पत्रक थांबवा."

"अर्धी छपाई झालीय," मालक म्हणाले. "काय झालं?"

"मात्रा चुकलीय. झालेली सगळी फाडून टाका."

मालकांनी आधी यंत्र थांबवायला ओरडून सांगितलं. "दुर्बीणबाई, तुमच्या नजरेतून सुटली?"

"माझ्याच. यांनी पकडली होती."

"मग पाठवलंत कशाला?"

फोन ठेवून बाई वळल्या तेव्हा पडद्यावर आणखी एक ओळ आली होती. "पाणी नको होतं."

"कळलं," बाई म्हणाल्या. "उद्यापासून हात वर झाला की मी थांबेन."

काकांनी डाव्या हातानं उद्याच्या कामाची मूळ प्रत मांडीवर ओढून घेतली.