गोधडीला मुंग्या

मी लोकांच्या गोधड्या फुकट शिवून देणार आहे असं जाहीर केलं, आणि डहाणूत पहिला संशय माझ्यावरच आला.

कारण अगदी साधं होतं. 2016 साली मी मोटरचं शिलाई मशीन घेतलं होतं आणि मला त्यावर गोधडी शिवायला शिकायचं होतं. वर ठिगळांचा थर, मध्ये जुन्या साड्या, खाली अस्तर, आणि हा सगळा डोंगर सुईखालून सरळ रेषेत न्यायचा. माझी रेषा उंबरगावला म्हणून निघायची आणि जव्हारला पोचायची. सराव हवा होता. घरातल्या चादरी, पडदे आणि ह्यांची एक लुंगी (त्यांच्या मते नवीकोरी) संपल्यावर सरावाला माल उरला नाही.

मग लक्षात आलं की घरोघरी एक तरी अर्धवट गोधडी असतेच. कुणाच्या आजीने ठिगळं जोडलेली असतात, मग आजीचे डोळे जातात किंवा आजीच जाते, आणि ते प्रकरण ट्रंकेत पडून राहतं. म्हटलं, ती मला द्या. मी पुरी करते आणि थंडीआधी तलासरीच्या मुलींच्या वसतिगृहाला देऊन टाकू. मला सराव, मुलींना ऊब.

पण फुकट म्हटलं की माणसं सावध होतात. ऑफिसातल्या एकीने मी नगरपरिषदेला उभी राहतेय का, असं हळूच विचारलं. एका शिक्षिकेने गोधडी देण्याआधी माझ्यासमोर तिचे चारही कोपरे चाचपले, सासूने आत काही लपवलेलं असलं तर म्हणून. (नव्हतं. तिचा चेहरा मला अजून आठवतो.)

शेजारच्या हंसाबेननी तर उघड चौकशी केली. त्या मूळच्या वापीकडच्या, ब्लाउज शिवतात, आणि गल्लीतल्या कोणाची कंबर कधी वाढली हे त्यांना त्या कंबरेआधी कळतं.

“वहिनी, फुकटमध्ये तर देव पण काय देत नाय. तुमचा फायदो काय?”

“सराव.”

“अने बीजुं?”

“बीजुं काही नाही हो.”

त्यांना ते पटलं नाही. तरी त्यांनी स्वतःच्या आईने जोडलेली ठिगळांची चादर दिली, कापडाच्या कात्रणांचं एक बोचकं दिलं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आपल्या मशीनचा खास फूट दिला. सुईखाली कापड दाबून धरतो तो फूट. हा जाड कापडाचा होता, आणि तो लावला की गोधडी शहाण्यासारखी पुढे सरकायची. माझ्या रेषा उंबरगावच्या जरा जवळपास जायला लागल्या.

माझी पद्धत ठरलेली होती. संध्याकाळी हॉलमध्ये थर अंथरायचे, मोठा धावदोरा घालून ते एकमेकांना पकडून ठेवायचे आणि गोधडी दिवाणावर टाकायची. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आले की मशीन. मधल्या वेळात घरात फक्त सासूबाई. त्या चिखले गावच्या, वाडीतल्या. दिवसभर एकट्या असल्या तरी त्यांना कधी कंटाळा येत नाही. मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

एके दिवशी मशीन चालता चालता घुटमळलं. दोरा तुटला. सुईला काहीतरी तपकिरी, चिकट लागलं होतं. पुसलं, पुढे गेले. दुसऱ्या गोधडीत तेच. तिसऱ्या गोधडीत सुईच मोडली. मशीन दुरुस्त करणाऱ्याला बोलावलं, तर त्याने बोटाने तो चिकटा चाचपला, वास घेतला आणि मी मशीनला तेलाऐवजी काकवी घालते का, असं विचारलं. मला त्याच्याही हेतूबद्दल शंका आली.

मग मुंग्या आल्या. मशीनवर रांग, दिवाणावर रांग, गोधड्यांच्या गठ्ठ्यावर तर जत्रा. मुंग्यांचा खडू ओढला. त्या खडूच्या रेषेच्या बाजूने शिस्तीत चालत गेल्या. (माझ्या शिलाईपेक्षा सरळ!)

“तुझ्या मशीनला साखर झालीय,” हे म्हणाले. हे रेल्वेत आहेत, तिकीट खिडकीवर, आणि साखर त्यांना स्वतःला आहे. हे वाक्य त्यांनी बोलायला नको होतं. कारण त्याच सुमारास आमच्या चिकूच्या बरणीचा तळ दिसायला लागला होता. चिखल्याहून माझे दीर दर वर्षी वाळवलेल्या चिकूच्या फोडी पाठवतात. बरणी दोन हिवाळे पुरते. यंदा ती दिवाळीलाच अर्धी झाली होती.

मी बरणी आधी वरच्या फळीवर ठेवली, मग पिठाच्या डब्यामागे. फोडी कमी होतच राहिल्या. शेवटी ह्यांना रक्त तपासायला पाठवलं. साखर उत्तम आली. मला लॅबचा संशय आला.

“अगं, मी हातसुद्धा लावला नाही,” हे म्हणाले.

“मग काय आई खातात? त्यांना दात आहेत का?”

आई शेजारी बसून मटार सोलत होत्या. त्यांनी मान हलवली, म्हणजे दात नाहीत या मुद्द्यापुरती.

चिकट्याचा शोध मी शास्त्रशुद्ध पद्धतीने घेतला. डाग पडलेलं एक ठिगळ उसवलं. खाली काहीच नाही, नुसती साडीची घडी. ठिगळ मात्र हंसाबेनच्या कात्रणातलं. दुसरं उसवलं. तेही हंसाबेनचंच. (बोचकं त्यांचंच होतं, त्यामुळे तिसरंही त्यांचंच निघालं असतं, हे मला तेव्हा सुचलं नाही.) स्वस्तातल्या कापडाला भरमसाट खळ असते, ती गरम सुईने विरघळते आणि तिला मुंग्या लागतात, असा सिद्धान्त मी मांडला. मांडला तो मांडला, हंसाबेनच्या दारात जाऊन मांडला.

“हंसाबेन, तुमच्या कापडात काही भेसळ असते का हो?”

त्या पायमशीनवर होत्या. चाक थांबलं.

“वीस वरसथी हूं शिवते, वहिनी. कोणी बोलला नाय असा.” मग शांतपणे म्हणाल्या, “माझा फूट आणून द्या.”

फूट गेला. त्याबरोबर सकाळचा चहा, संध्याकाळच्या पायरीवरच्या गप्पा आणि माझे ब्लाउजही गेले. आता गावात दुसऱ्या कोणाकडे ब्लाउज टाकायचा म्हणजे दुसऱ्या कोणाला तरी माझं खरं माप कळणार. आणि गोधड्या तर निम्म्या राहिल्या होत्या, तलासरीला रविवार सांगून ठेवलेला होता.

मी गोधडी हाताने ओढून शिवत राहिले. त्या फुटाशिवाय टाके बोटभर लांब पडत होते, काही तर पडतच नव्हते. पण तिन्ही थर एकमेकांना धरून होते. हंसाबेन आणि मी तेवढ्याही नव्हतो.

रविवारी जीप केली. आई म्हणाल्या, मी येते. त्या कधी तलासरीला येत नाहीत, त्यामुळे मला शंका आली. निघताना हंसाबेन दारात उभ्या. आपल्या आईची गोधडी खरोखर मुलींनाच जाते की कुठल्या दुकानात, हे त्यांना डोळ्यांनी बघायचं होतं. त्या माझ्याकडे पाठ करून पुढे बसल्या. रस्ताभर फक्त हे बोलले, तेही ड्रायव्हरशी.

वसतिगृहाच्या ओट्यावर गठ्ठे सोडले. मुली रांगेत आल्या, गोधड्या घेऊन बसल्या. अधीक्षिका मॅडम आभाराचे दोन शब्द बोलत होत्या, तेवढ्यात एक मुलगी गोधडीचा काठ हुंगायला लागली. मग तिने माझा एक टाका धरून ओढला. अख्खी ओळ निघून आली. आत हात घालून तिने काहीतरी काढलं, बघितलं आणि तोंडात टाकलं.

“चिकू हाय,” ती शेजारणीला म्हणाली.

पुढच्या क्षणी सगळा ओटा उसवायला लागला.

“मॅडम, हे काय आहे?” अधीक्षिकांनी विचारलं. त्यांच्या आवाजात सगळं होतं, मुंग्या, उंदीर, विषबाधा, चौकशी. मी आईंकडे पाहिलं. ह्यांनीही पाहिलं. हंसाबेननी मात्र माझ्याकडे पाहिलं.

आई अजिबात गडबडल्या नाहीत. “गोधडी मिटताना तिच्या पोटात घास ठेवायचा असतो. आमच्या आईची रीत. उपाशी गोधडी ऊब देत नाही. आम्ही भाकरीचा तुकडा ठेवायचो, पण ही लेकरं. म्हटलं, गोड ठेवावं.”

“मग मला सांगायचं ना, आई!”

“तू मला कधी विचारलंस? तू मशीनवाल्याला विचारलंस, ह्याला विचारलंस, हंसाला विचारलंस. मी फोडी साडीच्या घडीत नीट आत सारून ठेवायचे, तुझ्या सुईला लागू नये म्हणून. तुझी सुई कुठेही जाते, त्याला मी काय करू?”

“म्हणजे चोर घरमां ज, घरातलाच,” हंसाबेन म्हणाल्या आणि ओट्यावर बसून पदर तोंडाला लावून हसत राहिल्या. ह्यांनी तेवढ्यात एका मुलीकडून चिकूची एक फोड मागून घेतली आणि माझ्यादेखत खाल्ली.

परतताना हंसाबेन मागे आईंशेजारी बसल्या. दुसऱ्या दिवशी फूट परत आला, पण माझ्या हातात नाही. त्यांनी तो आईंकडे दिला आणि सांगितलं की वहिनींना लागला तर तुमच्याकडून मागून घेतील. ब्लाउज शिवून मिळाला, तोही एक इंच घट्ट.

पुढच्या हिवाळ्याच्या तोंडाशी अधीक्षिकांचा फोन आला. यंदाही गोधड्या मिळतील का, आजी येतील का, असं सगळं विचारून झालं. मग मी न राहवून विचारलं, मशीनची शिलाई कशी वाटली मुलींना?

“फार आवडली,” त्या म्हणाल्या. “म्हणतात, ह्या बाईंचीच पाठवा. उसवायला कात्री लागत नाही.”