‘अविवाहित’ लिहिल्याची गोष्ट
छापील फॉर्मच्या शाईचा वास आला की माझा उजवा गाल आजही हुळहुळतो. धुळ्याच्या शाळेत नववीत असताना ट्रेनिंग कॉलेजचे एक साहेब मुलांची माहिती गोळा करायला आले. वय, भावंडं, वडिलांचा धंदा, सगळं मी घोटीव अक्षरात भरलं आणि ‘विवाहित की अविवाहित’पाशी अडलो. लग्नाला वर्ष झालं होतं, बायको अजून माहेरीच होती. पोरं हसतील म्हणून ‘अविवाहित’ लिहून मोकळा झालो. एवढा शहाणा मी, पण शेजारी बायकोचा सख्खा भाऊ, म्हणजे माझा मेहुणाच बसलाय हे विसरलो. त्याने कागद ओढून वाचला आणि साहेबांदेखत माझ्या कानाखाली वाजवली. “मंग मनी बहीन तुनी कोन शे रे?” रागाने त्याचा आवाज फाटला होता. दोन वर्षांनी बायको नांदायला आली ती धुमसतच. पहिल्याच सकाळी रिकामा हंडा माझ्यापुढे आदळून म्हणाली, “बिनलगीनना मानूसना घर मी पानी नही भरस.” आजही घरात फॉर्म आला की ती माझ्या हातातलं पेन काढून घेते. तिला अक्षरओळख बेताचीच, पण ‘विवाहित’ एवढा एक शब्द ती शिकली आहे, आणि तो असा दाबून लिहिते की कागद फाटतो.