न टिकलेलं केंद्रक

"भाऊ, सर गेले…" राठोड वहिनी फोनवर एवढंच बोलल्या. त्याला आता दीड महिना होईल. उमरखेडच्या कॉलेजात राठोड सर भौतिकशास्त्र शिकवायचे, मी गणित. महागावकडच्या तांड्यावरून शिकत आलेला हा माणूस आयुष्यभर एकाच गोष्टीमागे होता. काही अणुकेंद्रकांमधला शेवटचा न्यूट्रॉन फार सैल बांधलेला असतो, जेमतेम धरलेला. तो खरंच बांधलेला राहतो, की लगेच सुटून केंद्रक फुटतं, हे सरांना शोधायचं होतं. सर घरच्या मागच्या खोलीत जुन्या कम्प्युटरवर त्यांचं गणित मांडायचे. किचकट भाग माझ्याकडे असायचा.

या गणितात केंद्रकाभोवती एक काल्पनिक भिंत घालावी लागते. भिंत जवळ असली की न्यूट्रॉन आत कोंडला जातो आणि टिकून असल्यासारखा दिसतो. ती मागे सरकवल्यावरही तो जागचा हलला नाही, तरच खरा बांधलेला. उत्तर मनासारखं आलं की मी खूश व्हायचो. सर म्हणायचे, "भिंत मागं घ्या, गुरुजी. कोंडवाड्यातलं ढोर पयत नाही, म्हनून थे आपलं होते काय?" मग पुन्हा दोन-दोन दिवस मशीन चालायची. मधेच लाइन जायची, की पहिल्यापासून सुरुवात.

त्यांचे लेख परत येत राहिले. शेवटच्या वर्षी मात्र एक केंद्रक टिकताना दिसलं. लेख लिहून तयार होता, सर्वांत दूरच्या भिंतीची तपासणी तेवढी राहिली होती… आणि सर गेले. कॉलेजात सगळे म्हणाले, पाठवून द्या, सरांची आठवण राहील. मी मशीन लावली. भिंत मागे गेली तसा न्यूट्रॉनही तिच्यामागे पसरत गेला. ती तपासणी गाळली असती तर बहुधा कुणाच्या लक्षात आलं नसतं. मी फार थकलो होतो.

वहिनी अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होत्या. त्यांना सांगितलं.

"म्हंजे सरायचं चुकलं का, भाऊ?"

"ते केंद्रक टिकत नाही, एवढं कळलं."

"अन् हे त्यायले कयलं असतं त?"

"त्यांनी तसंच लिहिलं असतं."

"मंग लिहा ना तसंच. माह्याकडं काय पाहून राह्यले?"

लिहितो आहे, सावकाश. पहिलं नाव त्यांचं, दुसरं माझं. नावांखाली पत्ता द्यावा लागतो. रिवाजाने तिथे कॉलेज येतं. मी या मागच्या खोलीचा दिला आहे… काम इथेच झालं.