दादाचा नकार

व्यसनमुक्ती केंद्रातल्या काचेच्या खोलीत माझा थोरला भाऊ बसला होता. डोळ्यांवर व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटीचा जाडजूड चष्मा. त्यात त्याला अगदी खऱ्यासारखा बार दिसत होता, भरलेला ग्लास आणि आग्रह करणारे दोस्त. मोह टाळण्याचा सराव असा करून घेतात, असं समुपदेशक मॅडमनी सांगितलं होतं.

अचानक दादा ओरडला, "नाही घेणार! एकदा सांगितलं ना!" आणि समोरची रिकामी हवा त्याने हाताने लोटून दिली.

काचेबाहेर माझ्या शेजारी उभे असलेले गृहस्थ हसले. "हवेशी भांडतोय बिचारा."

"भांडू दे," मी म्हटलं. "त्याला खऱ्या माणसांना कधी नाही म्हणता आलं नाही."

'तुझ्याशिवाय मजा नाही' म्हणत त्याला ओढून नेणारे सगळे खरेच होते की. खऱ्या जगाने त्याला एवढं बुडवलं. आता खोट्यातून तो वर येत असेल तर कोणाच्या पोटात का दुखावं? ग्लास खोटा असेल, त्याच्या कपाळावरचा घाम मला काचेतूनही दिसत होता.

मॅडमनी दादाच्या डोळ्यांवरचा चष्मा काढला. "दमलात. आज एवढं पुरे."

दादाने शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं. "नाही मॅडम, परत लावा. अजून दोघांना नाही म्हणायचंय."