दानियलच्या पोरीचा बाप्तिस्मा आणि माझी कोलंबी

आता काय सांगू तुम्हाला, माणूस फार सावध राहिला की कसा फसतो, ते माझ्याकडून ऐका. चहा गार होईल, आधी तो घ्या. हसायचं ते नंतर हसा.

त्रेसष्ट-चौसष्ट साल असेल. मी नवापूरला ढोरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होतो. आमचं घर तापीकाठचं, गुजर शेतकऱ्याचं. घरात अंडं आलं असतं तर आईनं भिंती पुन्हा सारवून घेतल्या असत्या. पण नवापूरला दानियल मास्तर भेटला आणि माझा धर्म नाही, तरी जीभ मात्र बाटली. दानियल मावची आदिवासी, धर्मानं ख्रिस्ती, शाळेत शिकवायचा. त्याच्या आईला आम्ही सगळे याहा म्हणायचो. याहा म्हणजे त्यांच्या बोलीत आई. तिच्या हातचं मासळीचं कालवण एकदा खाल्लं की माणूस घरचा पत्ता विसरायचा. घरी अर्थात कुणाला काही माहीत नव्हतं.

तर दानियलला मुलगी झाली. रविवारी तिचा बाप्तिस्मा, नंतर दुपारी अंगणात जेवण. त्याचा मेहुणा सुरतेला रेल्वेत. तो सकाळच्या गाडीनं बर्फात घातलेली कोलंबी आणि पापलेटं आणणार होता. मी आणि शांताराम, दोघांना आवतण. शांताराम म्हणजे लाकडाच्या वखारीतला मुनीम, दोंडाईच्याकडचा, खाण्याच्या बाबतीत कसलाच भेदभाव न करणारा.

सगळं छान होतं. पण शनिवारी काका आले.

काका आले ते माझी सोयरीक जुळत आल्याची बातमी घेऊन. मुलगी आमच्याच समाजातली, घर मातबर, सासरा कडक. मी बोलता बोलता उद्याचं आवतण सांगून बसलो. मासळीचं नाही हं, नुसतं बाप्तिस्म्याचं. काकांचा चेहरा पडला. त्यांनी मला जवळ बसवून समजावलं की जायचं तर जा, मैत्री तोडू नको, पण दोन गोष्टी सांभाळ. त्यांचं पाणी अंगावर पडू देऊ नको. आणि त्यांचं एक खास जेवण असतं. ते जो जेवला, तो त्यांच्यातला झाला. मग सोयरीक विसर.

आता मला सांगा, हे ऐकल्यावर झोप लागेल का?

आणि मग दानियलचं एकेक बोलणं मला वेगळंच ऐकू यायला लागलं. ‘मगन, पांढरा शर्ट घालून ये’ असं तो का म्हणाला? ‘उद्या तुला पुढच्या बाकावर बसवतो’ हे कशासाठी? मी दोन वर्षं त्याच्या घरी जेवतोय, त्यानं कधी पैसा घेतला नाही, तो काय उगाच?

रविवारी पांढरा शर्ट टाळून खाकी घालून गेलो. कोलंबीला जागा राहावी म्हणून सकाळपासून चहासुद्धा घेतला नव्हता. संशय होता, पण आशा सुटली नव्हती. चर्चच्या दारात पाळकसाहेबांनी माझा हात हातात घेतला. पहिल्यांदाच आलात, फार आनंद झाला, आता येत जा, म्हणाले. मी हात लगेच सोडवून घेतला.

दानियलनं मला खरोखरच पहिल्या बाकावर बसवलं, शेजारी शांताराम. समोर पाण्याचं भांडं. त्या भांड्यावरची नजर मी काढली असेल तर शपथ. पाळकसाहेबांनी पोरीच्या कपाळावर पाणी लावलं, पोरीनं हात झटकला आणि चार थेंब आमच्याकडे उडाले. मी दोन्ही पाय उचलून बाकावर घेतले. शांतारामनं विचारलं, विंचू आहे का? मी म्हटलं, गप्प बस.

पुढे गाणी झाली, पाळकसाहेब बराच वेळ काही समजावत होते. माझं लक्ष कुठे? ते भांडं अजून तिथंच होतं ना. मग एक म्हातारेबुवा थाळी घेऊन आले. थाळीत पावाचे बारके तुकडे. मला वाटलं, प्रसाद असेल. पोटात आग पडलेली. म्हातारेबुवा माझ्यासमोर जरा थबकले, पण मी हात पुढे केलाच. मागून गोड लाल रस आला, इवल्याशा पेल्यात. तोही घेतला. बरं वाटलं.

मग दानियलचं अंगण. पत्रावळी मांडल्या. कोलंबीचा वास असा, की रस्त्यावरची माणसं चाल मंद करत होती. मी बसलो, पहिला घास उचलणार, तेवढ्यात याहा माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली,

‘खा पोरा. आज खाल्लं की तू आमचाच झाला.’

हात तिथंच थांबला. हेच ते जेवण. काका खोटं बोलत नव्हते.

पोट दुखतंय म्हणून मी पत्रावळ सरकवली. याहानं ओवा आणून दिला. तोसुद्धा मी संशयानं हुंगला, आणि खिशात टाकला. शांतारामला खुणावलं, तूही खाऊ नको. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या पत्रावळीकडे पाहिलं.

‘तू खात नही ना भाऊ? मंग तुन्हा वाटा मी खाई लेस,’ म्हणाला, आणि पत्रावळ ओढून घेतली.

मी तासभर बसून त्याला खाताना पाहत होतो. कोलंबी संपली, पापलेटं आली, पापलेटं संपली. शेवटी पाळकसाहेब काळजीनं माझ्याजवळ येऊन बसले. काय होतंय, म्हणाले. मला राहवलं नाही.

‘साहेब, खरं सांगा. हे जेवलो तर मी ख्रिस्ती होईन का?’

ते म्हणाले, ‘कोलंबीनं? तसं असतं तर सगळं सुरत कधीच आमच्यात आलं असतं.’

‘मग ते खास जेवण कुठलं?’

त्यांनी शांतपणे सांगितलं. त्याला प्रभुभोजन म्हणतात. पाव आणि द्राक्षाचा रस. चर्चमध्येच असतं, आणि फक्त बाप्तिस्मा झालेल्यांनी घ्यायचं असतं. आज चर्चमध्ये मी तसं सांगितलंही होतं, म्हणाले.

‘थाळीत बारके तुकडे असतात, तेच?’

‘तेच.’

‘मी दोन घेतले.’

पाळकसाहेब म्हणाले, ‘घाबरू नका. न समजता घेतल्यानं कुणी ख्रिस्ती होत नाही. पण दोन का घेतले?’

‘फार लहान होते, साहेब.’

ते तोंडावर रुमाल धरून उठून गेले. मी धावत चुलीपाशी गेलो. रिकामं पातेलं धुवायला याहा त्यात पाणी ओतत होती.

तुम्ही म्हणाल, चला, सुटलास. कुठला सुटतोय. महिन्याभरानं काका परत आले आणि माझ्या नकळत वखारीत जाऊन शांतारामला त्या दुपारच्या जेवणाबद्दल खोदून खोदून विचारून आले. शांतारामनं जे पाहिलं तेच सांगितलं: मासळीनं भरलेली पत्रावळ समोर होती, सगळे आग्रह करत होते, पण मगननं बोट लावलं नाही. काकांनी हे थेट होणाऱ्या सासऱ्यांच्या कानावर घातलं. सासऱ्यांनी त्याच दिवशी सुपारी फोडली. असा निग्रहाचा मुलगा शोधून सापडत नाही, म्हणाले.

लग्नाला आता कितीतरी वर्षं झाली. बायको अजून शेजारणींना कौतुकानं सांगते, आमच्या ह्यांना मासळीचा नुसता वाससुद्धा सहन होत नाही. आणि मी मान डोलावून मुगाची खिचडी खातो.